पिवळं पडलेलं कुंकू

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, नातीच्या सायकलला कुंकू लावायला घेतलं, की ती बाटली आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते.

तेव्हा मी तंजावरात उपनिरीक्षक होते. गणवेशाला अशी इस्त्री, की बसायलासुद्धा त्याची परवानगी घ्यावी लागे. मत्सरही तितकाच कडक. माझ्याबरोबर भरती झालेली, आमच्याच गल्लीतली एक मराठी बाई शेजारच्या ठाण्यात होती. त्या महिन्यात टोळी पकडल्याबद्दल तिचा फोटो पेपरात आला. मी तो कापून ठेवला होता. कौतुकानं नव्हे, तिचा पट्टा वाकडा दिसत होता म्हणून.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, पण संशोधकांना आणि पोलिसांना ती लागू नसते. सकाळीच एका संशोधन संस्थेतला तरुण फिर्याद घेऊन आला. त्यांच्या प्रयोगशाळेतून हायड्रोफ्लुओरिक आम्लाची बाटली नाहीशी झाली होती. हे आम्ल काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. हाताला लागलं तर कधी कधी तासन्‌तास कळतही नाही, आणि ते आत हाडाकडे जात राहतं. कपाटाची किल्ली एका सहकारी मुलीकडे असे. तिनंच बाटली पळवली, कुणाच्या तरी तोंडावर फेकणार, असं त्याचं म्हणणं. फिर्याद त्यानं माझ्यासमोर डाव्या हातानं लिहिली, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, आणि डाव्या हातानंच पुढं केली. उजवा खिशात. मला त्याचा उद्धटपणा खटकला. हात खटकला नाही. स्टेशन डायरीत नोंद करताना, फोटोला कोणत्या बाजूनं उभं राहायचं, याचा माझा विचार चालला होता.

ती मुलगी जवळच्याच पापनाशम गावची. परदेशात शिष्यवृत्ती मिळाली होती, शुक्रवारी विमान. गुन्ह्यात नाव आलं तर पासपोर्ट अडकणार, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असून मी तिला तीन तास त्याच त्या प्रश्नांवर फिरवलं. तिची आई बाहेर बाकावर दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. खरं सांगायचं तर मला त्या पोरीच्या विमानाचाही राग आला होता. मी तोवर तिरुचीच्या पलीकडे गेले नव्हते.

ती रडली नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "मॅडम, माझं नंतर बघा. ज्यानं बाटलीला हात लावला त्याला आधी शोधा. त्याला अजून दुखतसुद्धा नसेल."

मला ती धमकी वाटली.

दुपारी शेजारच्या ठाण्यातल्या त्या बाईचा फोन आला. बातमी तिकडे पोचली होती. "फिर्याद देणाऱ्यालाच आधी दोन प्रश्न विचार गे," ती म्हणाली. सल्ला बरोबर होता. तिचा होता, म्हणून मी फोन ठेवून दिला.

मग मुलीला आणि फिर्यादीला घेऊन प्रयोगशाळेत पंचनाम्याला गेले. तिथल्या म्हाताऱ्या मदतनिसानं सांगितलं, की एरवी दोन जणांच्या सह्यांशिवाय आम्लांचं कपाट उघडत नाही. पण आदल्या दिवशी आयुधांबरोबर सरस्वतीचीही पूजा, त्यासाठी सगळी कपाटं पुसायची, म्हणून बाटल्या टेबलावर काढल्या होत्या. सह्या नाहीत? मी विचारलं. तो म्हणाला, "सरस्वतीपुढं कोण सही मागणार, अम्मा?"

पुसून झाल्यावर प्रत्येक कपाटाला देवळातलं हळदीचं कुंकू लावलं होतं. संशोधकांच्या खासगी कपाटांची एक रांग होती. सगळे टिळे लाल. एका कपाटाच्या जाळीखालचा तेवढा पिवळा.

आदल्याच दिवशी आमच्या जीपच्या चाकाखाली लिंबू फोडताना रस उडाला होता आणि बंपरवरचं कुंकू असंच पिवळं झालं होतं. हळदीच्या कुंकवाला आंबट, म्हणजे आम्ल, लागलं की त्याची पुन्हा हळद होते. कपाट कुणाचं, म्हणून विचारलं. मदतनिसानं फिर्यादीकडे बघितलं.

मी विजयी चेहऱ्यानं कपाटाच्या कडीला हात घातला.

"मॅडम, मागं व्हा," मुलगी म्हणाली. "झाकण नीट लागलेलं नाही. वाफ येतेय आत."

मी मागं झाले. मग त्याला म्हटलं, "हात बाहेर काढ."

दोन बोटांची टोकं पांढरी, सुजलेली. तो गुपचूप कळ सोसत होता, कारण दुखतंय म्हणणं म्हणजेच कबुली. शिष्यवृत्तीच्या यादीत दुसरं नाव त्याचं होतं. आदल्या संध्याकाळी पूजेच्या गडबडीत बाटली उचलली, तिचं जाणं अडावं इतकंच हवं होतं, असं तो म्हणाला. तोवर मुलीनं हातमोजे चढवून त्याची बोटं नळाखाली धरली होती. मग प्रथमोपचाराच्या पेटीतलं कॅल्शियमचं मलम काढून ती ते चोळत राहिली. तो रडत होता. आणि सकाळपासून तिला आरोपी ठरवून बसलेली मी भिंतीला टेकून उभी होते.

बोटं वाचली, एक नख गेलं. मुलगी शुक्रवारी गेली. जाताना म्हणाली, "सह्यांशिवाय बाटल्या बाहेर काढल्या होत्या, ते पंचनाम्यात नक्की लिहा. किल्ली माझ्याकडेच होती, चूक माझीही आहे."

पेपरात फोटो आला, तो कपाटाचा. कडेला माझं कोपर दिसतं.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: मत्सर करणाऱ्याला आपलं भाजलेलं सगळ्यांत उशिरा कळतं. त्याला बारा तास लागले. मला पुष्कळ वर्षं.

शेजारच्या ठाण्यातली ती बाई आता माझी विहीण आहे. नात तिच्याकडे किती दिवस राहिली आणि माझ्याकडे किती, हे मी अजून मोजते. मोजायला लागले, की आधी स्वतःची बोटं उजेडात धरून बघते.