स्लॅबवरचं धान

समोरच्या काकी नसत्या, तर आज या खोलीत माझी मशीन चालली नसती. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट सांगता सांगता माणूस रंगात येतो आणि उपकाराचं शेवटी एका ओळीत उरकतो, तसं मला करायचं नाही. काकी म्हणजे गोंदियाजवळच्या मुर्रीत, आमच्या गल्लीत, बरोबर माझ्या दारासमोर राहणाऱ्या. गावाबाहेर त्यांची थोडी धानाची शेती आहे, दारात दोन म्हशी आहेत, आणि तोंड असं आहे की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या अंगणात बसून भुंकत नाहीत, पलीकडे जाऊन भुंकतात.

मी सोलापूरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, शिवणकाम हाताला लागलं, आणि एका लांबच्या नातेवाइकाच्या ओळखीने राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदियाला येऊन पडलो. शाळेचे गणवेश शिवतो. स्वभाव भित्रा. फोन वाजला की आधी मनात येतं, आपलं काय चुकलं, आणि मग मी फोन उचलतो.

घर एकमजली आहे. पुढची खोली माझी, मागच्या दोन खोल्यांत एक रिटायर कंडक्टर काका आणि त्यांची बायको. सगळ्यांच्या डोक्यावर एकच स्लॅब. मालक गोंदियाच्या बाजारात किराण्याचा व्यापार करतात. खोली देताना ते मला म्हणाले होते, "तू सीधा आदमी आहेस. घरावर ध्यान ठेव. बाकी काही नको, फक्त छत सांभाळ. छतको पानी लगा, ओल दिसली, तर तू पण बाहेर आणि मागचा पण बाहेर." एवढ्या स्वस्तात, रस्त्याला लागून, मशीन मांडता येईल अशी खोली मला दुसरी कुठे मिळणार होती? मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "अरे, पाया काय पडतो, छत सांभाळ."

काकांना सांभाळणं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ते आयुष्यभर एसटीत माणसांना पुढे सरकवत आले होते, आणि घरातही तेच करत होते. मी नळावर बादली लावली की मागून आवाज यायचा, "सरका पुढे." त्यांच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत कोणी सायकल लावली, तर ते ती उचलून माझ्या दारासमोर ठेवत. मी काही बोललो की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमी बाहेरचे हा, तुमाले अठीचा समजत नाई." एका वाक्यात ते मला सोलापूरला पाठवून देत.

इकडचा उन्हाळा मी आधी ऐकून होतो, मग अंगावर घेतला. दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो. कूलर असून उपयोग नाही, कारण टाकीतलंच पाणी उकळलेलं असतं. काकांनी त्यावर उपाय शोधला. तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून त्यांनी स्लॅबवर पसरला, त्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर अंथरला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन ते त्याला आंघोळ घालू लागले.

मी घाबरलो. वर जाण्याआधी खोलीत उभं राहून वाक्य पाठ केलं. "काका, तुमचं बरोबर आहे, पण मालकांनी छताला पाणी लावू नका असं सांगितलं आहे, तरी विचार व्हावा." वर गेलो आणि "काका, तुमचं बरोबर आहे" इथपर्यंत पोहोचलो.

"हो मंग," काका म्हणाले आणि पाइप माझ्या हातात दिला. "त्या कोपऱ्यात मारा. तठी पोचून नाई राहिला."

मी मारलं. काय करणार.

मृगात चार दिवस पाऊस पडला आणि गेला. त्यानंतरची उकाड्याची तऱ्हा वेगळीच. आंघोळ करून अंग पुसलं तरी पुसलं असं वाटत नाही. काकांनी पुन्हा पाइप काढला. त्याच आठवड्यात माझ्या छतावर एक पिवळा डाग आला. आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, आणि शाळा उघडायच्या तोंडावर, गणवेशाचं काम गळ्यापर्यंत आलेलं असताना, एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर टप्पकन थेंब पडला. चहासारखा रंग होता. मी शर्ट धुतला, परत धुतला, आणि मशीन उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. डाग तिकडेही आला.

काकांकडे गेलो. त्यांच्या खोलीचं छत कोरडं ठणठणीत होतं.

"उतार तुमच्याकडं हाय," ते शांतपणे म्हणाले. "पाणी उतारानंच जाते. त्याले मी काय करू गा?"

त्याच संध्याकाळी मालकांचा फोन आला. पाऊस लागलाय, रविवारी येऊन छत बघून जातो, म्हणाले. मी "हो जी, या जी" म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ छताकडे बघत बसलो. डोक्यात एकच होतं, रविवारनंतर मशीन कुठे न्यायची.

दुसऱ्या दिवशी हिंमत करून वर गेलो. ठरवलं होतं, काका बाजारात गेलेत तोवर सगळं तणस आपणच गोळा करून खाली टाकायचं. वर जाऊन पाहतो तर तणस दिसतच नव्हतं. सगळी स्लॅब हिरवीगार. गुडघ्याच्या निम्म्याला येईल एवढं लुसलुशीत गवत वाऱ्यावर डोलत होतं. मला रडू आलं. इतक्या दिवसांत गवतही माजलं, आणि आपण बघितलंसुद्धा नाही. काकींच्या घरून खुरपं मागून आणलं आणि एका कडेने खरवडायला बसलो.

पहिला झटका मारतोय तोच खालून काकी ओरडल्या. "अवो भाऊ, काय करून राहिले?"

"गवत काढतोय."

मग शेजारच्या घरातून एक म्हातारे आजोबा बाहेर आले, दळण घेऊन जाणारी बाई थांबली, आणि काकी पदर खोचून जिन्याने वर आल्या. माझ्या हातातलं खुरपं त्यांनी काढून घेतलं. एक काडी उपटून माझ्या नाकासमोर धरली. मुळाशी धानाचं फोल लटकत होतं.

"हा गवत होय? धान हाय हा. तणसात दाणे राहून गेले, गाळ भेटला, पाणी भेटला, उगवला. जित्ता धान खुरप्यानं मारते का कोणी?"

खालून आजोबा म्हणाले, "सोलापूरचे हायत ते. तिकडं ज्वारी खाते. त्यायले काय समजते."

तेवढ्यात काका बाजारातून आले, वर चढले, आणि माझ्यामुळे उघडी पडलेली वीतभर जागा बघून असे उभे राहिले की जणू मी त्यांच्या पोराच्या डोक्यावर वस्तरा फिरवलाय. मी हात जोडले. माझ्या मुलखात धान भाकरीसारखं रोज दिसत नाही, मला खरंच कळलं नाही, असं काहीतरी पुटपुटलो. काकांनी सरळ सांगितलं, "आता तर अजिबात काढणार नाई. तणस असता तर काढला असता. हा पीक हाय. उभा पीक कोणी फेकत नाई."

आणि सगळी गल्ली त्यांच्या बाजूने. एका झटक्यात मी अडचणीतल्या भाडेकरूचा पिकाचा पापी झालो होतो.

संध्याकाळी काकी माझ्या दारात आल्या. मी त्यांना डाग दाखवला, शर्ट दाखवला, रविवारचं सांगितलं. त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी रडून का राहिले? भाटवे हायत ते माहे. भाटव्याले कसा हलवाचा ते मले माहीत हाय."

भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. काकांची बायको आणि काकी एकाच गावच्या लेकी. गावाच्या नात्याने बहिणी, म्हणून काकी या काकांच्या साळी, म्हणजे मेहुणी, आणि साळीला भाटव्याची वाट्टेल तशी थट्टा करायची मोकळीक. इतके दिवस हे नातं मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग होतो हे माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी काकी चार बायका घेऊन मागच्या अंगणात आल्या. काका खाटेवर बसून चहा पीत होते.

"भाटवे, मले पऱ्हे पाह्यजे."

पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी तयार केलेली धानाची रोपं. काकींच्या वाफ्यात मोकाट गुरं शिरली होती आणि बरीच रोपं खाऊन गेली होती. हे खरंच होतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोणते पऱ्हे?" काका म्हणाले.

"तुमचे. वरचे. का तठी कुलूप लावला हाय?"

"ते पऱ्हे होय का? ते तणसातले..."

"परवाच्या दिवशी पीक होता. आज तणस झाला का? एसटीत तिकीट फाडताना असेच बदलत होते का तुमी?"

बायका हसल्या. काकांची बायको आतून म्हणाली, "देऊन टाका ना. माह्या बहिणीच्या बांधीत जाईन." बांधी म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. काकांनी कप खाली ठेवला. इकडे रोवणीच्या दिवसांत पऱ्हे मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, आणि साळीला तर नाहीच. शिवाय त्यांच्या पिकाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पऱ्हे म्हटलं होतं. त्यांची छाती फुगलेली मला दारातून दिसली.

"पण मी उभा राहीन. मुळं तुटाले नाई पाह्यजे."

"राहा ना उभे. चाळीस वर्षं उभेच होते."

बायका वर चढल्या. वाकून पऱ्हे उपटायच्या, मुळाचा गाळ झटकायचा, जुडी बांधायची. काका कमरेवर हात ठेवून "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत होते आणि बायका खरोखर पुढे सरकत होत्या. मी जिन्यात उभा राहून जुड्या खाली देत होतो. अशा वेळी मालकांची गाडी आली.

पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. ते उतरले, वर बघितलं. त्यांच्या स्लॅबवर चार बायका कमरेतून वाकलेल्या. मी हातातली जुडी पाठीमागे लपवली.

"ये क्या है?" ते म्हणाले. "ये छत है का बांधी?"

मी तोंड उघडलं. "शेठ, तुमचं बरोबर आहे" इथपर्यंतच पोहोचलो. वरून काकींनी एक जुडी त्यांच्याकडे धरली. "शेठ, उभे काऊन? धरा, खाली द्या. ऊन लागला तर सुकून जाईन."

मालकांनी धरली. का धरली ते त्यांनाही कळलं नसेल. मग दुसरी. बापजाद्यांची शेती त्यांच्याकडेही आहे, हात विसरले नसावेत. थोड्या वेळाने शर्टावर गाळाचे ठिपके, आणि ते काकांशी धान जाड आहे की बारीक यावर भांडत होते.

"हा बारीक हाय."

"अरे छोडो, हा मिक्स आहे. तणसाचा काय भरोसा."

पऱ्हे संपल्यावर काकींनी गाळही सोडला नाही. भाजीच्या वाफ्यात टाकायचाय म्हणून टोपल्या भरभरून नेला. कुजलं तणस उकिरड्यावर. स्लॅब दिसू लागली. आणि मग मालक माझ्या खोलीत पाणी प्यायला आले.

त्यांनी वर पाहिलं. डाग तिथेच होता, खाटेएवढा झालेला. पाण्याचा पेला हातातच राहिला. आता मशीन कुठे न्यायची, हाच विचार.

दारात काका उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेला.

"माह्याच्यानं झाला तो," ते म्हणाले. "हा पोरगा सांगून राहिला होता. अर्धाच सांगते, पण सांगून राहिला होता."

काकींनी मागून भर घातली. "आणि आता स्लॅब मोकळी झाली. ऊन लागला का वाळते. डाग भाटवे रंगवून देईन."

"मी कायले..." काका सुरू झाले.

"देईन," काकी म्हणाल्या.

मालक पेला खाली ठेवून म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात एक काडी पण दिसली तर दोघं बाहेर." म्हणजे आत्ता तरी आम्ही आतच होतो. दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि त्यातले थोडे पऱ्हे उरले असतील तर द्या. आमच्या बांधाच्या कडेला जागा आहे."

काकांनी डाग रंगवला. रंग वेगळाच निघाला, आता छतावर पांढऱ्यात एक निळसर चौकोन आहे. स्लॅब उघडी पडल्यापासून त्यांची खोली तापते, हा दोषही माझ्याच नावावर जमा आहे. खिडकीला जाड पडदा शिवून दे म्हणाले. शिवून दिला. लांबी कमी झाली म्हणाले. मी पुन्हा शिवला.

काकींना मी विचारलं, तुमचं काय करू? ब्लाऊज शिवून देतो, म्हटलं. त्या हसल्या. "ब्लाऊज नको. तुमचा माप कधी बसला हाय? तुमच्या मुलखात न्या एक डाव. भात न खाता माणसं जगते कशी, ते पाहाचा हाय मले."

नेईन काकी. गाडीभाडं, भाकरी, ठेचा, सगळं माझ्याकडे. आईला फोनवर सांगून ठेवलंय, गोंदियाच्या एक काकी येणार आहेत, त्यांच्यामुळे तुझ्या पोराला छप्पर आहे. आईने विचारलं, काय खातात त्या? मी म्हटलं, तू भाकरीच कर. पण फडताळात थोडे तांदूळ ठेव. त्या कोणत्याही वर्षी येवोत, मी त्यांना आणल्याशिवाय राहणार नाही.