खंडेनवमीला पुसलेली भिंत

सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं पोर आणि चाकरी कुणाची, तर उंदरांची! बिरुदेवची भावकी अजून हसते. हसेना का. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात तो पिंजरे साफ करतो, दाणापाणी बघतो. ऋतुजा मॅडम उंदरांची आठवण तपासतात, तेव्हा मोठा टप भरून देणं त्याचंच काम. पाणी गढूळ करायचं, आत एक पाट बुडवून ठेवायचा, उंदरानं पोहत तो हुडकायचा. चार दिवस पाण्यात सोडलं की उंदीर शिकतो आणि सरळ पाटावर जाऊन बसतो.

यंदा खंडेनवमीला बिरुदेवनं टप पुजला. लोक हत्यारं पुजतात, मग टपानं काय घोडं मारलंय? खोली झाडली, भिंतीवर चिकटवलेले काळे गोल-त्रिकोण कचरा म्हणून काढले आणि झेंडूचं तोरण लावलं. सुट्टी संपली, तर शिकलेसवरलेले उंदीर टपात नुसते गरागरा फिरायला लागले.

मॅडम आधी तडकल्या, मग निवळल्या. "अहो बिरुदेव, पाट दिसत नाही त्यांना. भिंतीवरच्या खुणा बघून जागा ओळखतात ते. तुम्ही खुणाच काढल्यात."

बिरुदेवला आई आठवली. सोलापूरजवळ कुंभारी गावातल्या त्याच्या खोलीत मायाक्का अशीच फिरत असायची. बाप गेला, मेंढरं विकली, त्यानं तिला इकडं आणलं, आणि ती हळूहळू सगळंच विसरली. पोटच्या पोराला पावणं म्हणायची. एकदा तरी तिनं 'बिरू' म्हणून हाक मारावी, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

रविवारी तो गावी गेला. चुलत्याकडनं बापाचं घोंगडं, काठी आणि मेंढीच्या गळ्यातली घंटा घेऊन आला. भिंतीला खिळे ठोकून गावच्या घरात होतं तसंच सगळं टांगलं आणि आईला आत आणलं.

मायाक्का थबकली. घोंगड्यावरनं तिनं हात फिरवला. मग पदर खोचला, घोंगडं काढून खाली अंथरलं, न विचारता तांब्या भरून आणला. कित्येक महिन्यांनी ती घरधनीण दिसत होती. बिरुदेव पुढं झाला.

"आये, वळखलंस व्हय?"

"म्हंजे? माजं घर मला कळत न्हाय व्हय?" तिनं तांब्या पुढं केला. "बसा पावणं. आमचा बिरू मेंढरं घिऊन यील आता. लई गुणाचा हाय. त्याला भेटल्याबिगर जायाचं न्हाय."

"बसतो की," बिरुदेव म्हणाला. "मला बी त्याला भेटायचंय."