तीन पायऱ्या आणि दोन फळ्या

आमच्या चर्चमध्ये पूर्वी वेदीच्या बाजूला एक लाकडी स्टँड होता. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. रविवारी त्यावरून पवित्र शास्त्र वाचलं जायचं, आणि मिस्सेची प्रार्थना संपता संपता त्यावरूनच सणाच्या बिर्याणीची कुपनं कुठे मिळतील आणि दारातली स्कूटर कुणाची आहे, हेही पुकारलं जायचं. शास्त्र वाचणारे बहुतेक वेळा माझे पपा. उभं आयुष्य कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं, तरी रविवारी नखांतलं काळं घासून घासून काढायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि त्या डुगडुगत्या स्टँडपाशी जाऊन उभे राहायचे. स्टँडवर त्यांचा भारी राग होता.

खाऱ्या वाऱ्याने छप्पर खाल्लं आणि वाळवीने जुनी वेदी पोखरली, तेव्हा गावाने चर्चचं नूतनीकरण काढलं. पपा समितीवर गेले. मीटिंगहून आले की जेवताना मला शिकवणी. मी अलिबागला शाळेत शिकवते, दिवसभर बोलून आलेली असते, त्यात घरी पुन्हा वर्ग.

"वेदी म्हणजे जेवणाचं टेबल," ते म्हणायचे. "त्याच्यावर आपल्याला भाकर मिळते. आणि वाचनपीठ म्हणजे दुसरं टेबल. तिथे शब्द मिळतो. दोन्ही एकाच दगडाची पाहिजेत. दोन्ही हलता कामा नयेत. बिर्याणीची कुपनं खालून विका."

"आणि फादरची खुर्ची?"

"ती बाजूला. वाचन चालू असताना फादरनेही गप बसून ऐकायचं, त्याच्यासाठी ती."

वेदीकडे चढायच्या पायऱ्यांवरून तर समितीत चांगलीच जुंपली. म्हाताऱ्या बायका अडखळतात, एकच पायरी ठेवू, असं बरेच जण म्हणत होते. पपा हटून बसले. तीन पाहिजेत. चढताना माणसाला कळलं पाहिजे आपण कुठे चाललोय. शेवटी तीन झाल्या. मी म्हटलं, करा, ग्रॅनाइटचं शोरूम करा. ते ताटावरून उठून गेले.

काम संपत आलं आणि पपांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. व्हीलचेअर घरात आली. उद्घाटनाच्या मिस्सेचं पहिलं वाचन त्यांना आधीच दिलेलं होतं, आणि ते परत करायचं नाव घेईनात. रोज पडवीत बसून तो उतारा मोठ्याने वाचायचे. मध्येच एखादा शब्द अडकायचा, घाम फुटायचा, पण पुढचा शब्द घेऊन मागचा सोडून देणं त्यांना जमायचं नाही. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची.

नवी वेदी दाखवायला मी त्यांना घेऊन गेले. दगड खरंच सुंदर होता, काळसर, साधा. वाचनपीठ वेदीच्या उजवीकडे, जमिनीतून उगवल्यासारखं. आणि आमच्यासमोर तीन पायऱ्या. खुर्ची पहिल्या पायरीला टेकली आणि थांबली. मला पपांचा राग आला आणि रडूही आलं. स्वतः भांडून घातलेल्या पायऱ्या होत्या त्या.

फादर चांगले माणूस. म्हणाले, "जुना स्टँड खाली ठेवलाय, त्यावरून वाचा, माइक देतो."

"तिथे कुपनं विकतात," पपा म्हणाले.

"मग चार पोरं तुम्हाला खुर्चीसकट उचलतील."

"मी काय सणातली मूर्ती आहे खांद्यावर घ्यायला?"

म्हणजे वाचन दुसऱ्याला जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. मी घरी येताना खूप बडबडले. म्हटलं, देवाला तुमचा शब्द ऐकायचाय, तुमच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी पडवीतून वाचनाचा आवाज आला नाही. मला घर खायला उठलं.

संध्याकाळी कोळीवाड्यातले काका आले. पपांचे जुने दोस्त. त्यांच्या होडीचं इंजिन पपांनी इतक्या वेळा उघडलं होतं की ते पपांना मेस्त्रीशिवाय दुसरं काही म्हणत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले.

"मेस्त्री, तुला उचलताय कोन? होरी कधी उचलतांव का आपन? ओढतांव."

आमच्याकडे होडी वाळूवर ओढायची असली की किनाऱ्यावर जो असेल तो हात लावतो. कोळी असो, ख्रिस्ती असो, चहाला आलेला पाहुणा असो. कुणी बोलवत नाही आणि कुणी आभार मानत नाही. होडीवालाही बाजूला उभा राहत नाही, त्याचाही हात असतोच. पपांनी किती होड्यांना हात लावला असेल. त्यांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले, "एक हात माझा पण."

शनिवारी तालीम झाली. काकांनी कोळीवाड्यातली दोन पोरं, एक दोर आणि होडीखाली घालायच्या दोन लांब फळ्या आणल्या, मासळीच्या तेलाने मुरलेल्या. एका पोराने जोर मिळावा म्हणून दोर वेदीच्या पायाला गुंडाळला, तर पपा ओरडले, "वेदीला नाही!" झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

रविवारी उद्घाटनाला बिशप आले, चर्च तुडुंब भरलं. वाचनाची वेळ झाली तशी पायऱ्यांवर फळ्या पडल्या. पुढे दोरावर दोघे, मागे मी आणि काका, आणि पपांचा उजवा हात चाकावर. आवाज न करता ओढलं. खुर्ची वर पोचली. पपांनी माइक खाली वाकवून घेतला. बिशप बसले, फादर आपल्या खुर्चीत बसले, आणि सगळं चर्च ऐकायला लागलं.

निम्म्यावर शब्द अडकला. पडवीत अडकायचा तोच. मी त्यांच्या मागे उभी होते, मला तो शब्द पाठ होता, ओठांवर आला होता. तेवढ्यात माझ्या शेजारून काका हळूच म्हणाले, "होऽऽ..." होडी रुतली की देतात तशी हाक. आणि बाजूला उभे राहिलेले दोरावरचे दोघे सवयीने म्हणाले, "हैय्या." पुढच्या बाकांवर कुणाला तरी हसू फुटलं. पपाही हसले, आणि शब्द सुटला. पुढचं सगळं त्यांनी न थांबता वाचलं.

नंतर बिशपनी वेदीला सुगंधी तेल चोळलं. माझ्या हातांना मात्र फळ्यांचा वास येत होता. मला तो पुसावासा वाटला नाही.

मिस्सा संपल्यावर फादर पपांजवळ आले. म्हणाले, बाजूने सिमेंटचा उतार करून घेऊ, म्हाताऱ्यांनाही बरं पडेल.

"करा," पपा म्हणाले. "पण माझी पाळी असेल तेव्हा फळ्याच लावा."

"का? उतारावरून तुम्ही आरामात जाल."

पपांनी काकांकडे बोट दाखवलं. ते दोर गुंडाळत होते.

"उतारावरून मी एकटाच जाईन, फादर."