गुळाला दिलेला हाय

खोलीत माझा फोनवरचा आवाज लागला आणि मेधाताई हसल्या.

टेबलाच्या मधोमध छोटा स्पीकर ठेवला होता. त्यातून एक जपानी बाई गोड आवाजात भराभर बोलत होती. तिनं श्वास घेतला की मी म्हणत होते, हाय. परत ती. परत मी. हाय. हाय हाय. कार्ड कंपनीचे कोंदो-सान मान खाली घालून ऐकत होते. त्यांना हसू आलं नाही. हसल्या त्या आमच्या मेधाताई. तोंडावर रुमाल धरून.

"अहो, किती ते हाय हाय! मोर्चा निघाल्यासारखं!"

मग कोंदो-सानांकडं वळून जपानीत काहीतरी बोलल्या. तेही थोडं हसले. मी पण हसले. ते हसू अजून माझ्या तोंडाला चिकटलेलं वाटतं. आपल्यावर हसणाऱ्यांच्यात आपणच सामील व्हायचं, ही सवय मला लहानपणापासूनची.

मी आठवीतून शाळा सोडलेली. बार्शीकडची. नवरा टोकियोजवळ उरायासुत एका हॉटेलात तंदूरवर नान लावतो. त्याच्या मागं मी आणि पोरगी आलो. आमच्या बिल्डिंगीत मराठी घरं आहेत, पण ती टोकियोत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची. मेधाताई त्यांच्यातल्या. पुण्याच्या. टोकियोत बँकेत नोकरी, जपानी फाडफाड. खोलीचा करार त्यांनी वाचून दिला. पोरीला लसी टोचायला त्या सोबत आल्या. कुठला कचरा कुठल्या वारी ठेवायचा ते त्यांनी शिकवलं. हे उपकार खोटे नव्हते. खोटे असते तर माझं काम सोपं झालं असतं.

पहिल्या हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, साखर संपली का? मी म्हणलं, "हाय की." मेधाताई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हाय नाही हो, आहे. मुलं ऐकतात, मग तसंच बोलतात." त्यांची मुलं तेव्हा आपसात जपानीत बोलत होती. तरी मी ओशाळले. त्या दिवसापासून मी त्यांच्यात बसले की मुकी.

आणि बाहेर पडलं की अख्खा देश हाय म्हणायचा. जपानीत हाय म्हणजे हो. कोंबिनी दुकानातली पोरगी हाय. स्टेशनवरचा माणूस हाय. दवाखान्यातला डॉक्टर हाय. मला वाटलं, पुण्याला येत नसंल, ह्या देशाला माझी बोली येते.

डबे भरायच्या कारखान्यात अरुबाइतो मिळाला. म्हणजे तासावरचं काम. पट्ट्यावरून डबा येतो, आपण त्यात एक लोणच्याची फोड ठेवायची. तिथली मुकादमीण काही बोलली आणि मी नुसतं ऐकत राहिले की ओरडायची, "हेन्जी!" उत्तर दे! उत्तर काय, तर हाय. समजलं असो नसो. हाय म्हणलं की ती पुढं जायची. मी शिकले. हाय म्हणजे हो नाही. हाय म्हणजे, ऐकतेय बाई, नको ओरडूस.

पोरीच्या शाळेसाठी बॅटरीची सायकल घेतली. मागं तिची खुर्ची. हप्त्यावर. त्यासाठी कार्ड काढावं लागलं. आणि थोड्याच दिवसांत कार्ड कंपनीचा फोन आला. ती गोड आवाजाची बाई. मला "ओक्याकु-सामा" म्हणाली. कारखान्यात ऐकलेला शब्द, मोठ्या गिऱ्हाइकाला लावतात. मला असं कुणी कधी म्हणलं नव्हतं. मी फोनसमोर वाकले. खरंच वाकले, स्वयंपाकघरात, एकटी. ती बोलत गेली. मी हाय हाय करत गेले. एकच शब्द कळला, "आन्शिन". निर्धास्त.

मग बिलात एक ओळ वाढली. मेधाताईंना दाखवली. म्हणाल्या, "विमा आहे तो. काम गेलं तर हप्ते ते भरतात. छान केलंत." मी त्या ओळीला मनातल्या मनात हात जोडले. एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्या कामाची काळजी.

पुढं मनगट दुखावलं. कारखान्यानं बोलावणं बंद केलं. मी घाबरले नाही. निर्धास्त होते ना. मेधाताईंनी कंपनीला फोन लावून दिला. तिकडून उत्तर आलं: हा विमा पक्क्या नोकरीवाल्यांसाठी. तासावर काम करणाऱ्यांना, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्यांना लागू नाही. आज नाही असं नव्हे. पहिल्या दिवसापासून नाही.

म्हणजे छत्री विकली, आणि पाऊस आल्यावर सांगितलं की ही तुमच्या डोक्यासाठी नव्हती.

"मग पैसे घेतले कशाला माझ्याकडनं?" मी विचारलं. "परत द्या म्हणावं."

कंपनी म्हणाली, तुम्ही होकार दिलाय, आवाज आहे आमच्याकडं, येऊन ऐका. म्हणून आम्ही त्या खोलीत बसलो होतो. मेधाताईंनी अर्धा दिवस सुट्टी काढली होती. येताना ट्रेनमध्ये तीनदा म्हणाल्या, सुट्टी काढली.

आवाज संपला. कोंदो-सान काही बोलले. मेधाताई म्हणाल्या, "ते म्हणतात, शेवटी तिनं स्पष्ट विचारलंय, चालू करू का? आणि तुम्ही हाय म्हणालात. झालं की मग."

मी म्हणलं, "त्यांना सांगा, मला जपानी येत नव्हती, हे त्या बाईला कळत होतं. मी एकही प्रश्न विचारला नाही. तिनं मला विचारलं पण नाही की तुम्ही काम काय करता. विचारलं असतं तर अरुबाइतो एवढं तरी सांगता आलं असतं मला."

मेधाताईंनी जपानीत सांगितलं. एका दमात. माझं एवढं लांब, त्यांचं एवढंसं. आणि शेवटी "सुमिमासेन". मी माफी मागितली नव्हती. ती कुणाची माफी होती?

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्या काय सांगतात त्याला? ह्यांचं नि कंपनीचं काही आहे का? बँकेतल्या बाई. ओळख असंल. कमिशन असंल.

मी कोंदो-सानांना म्हणलं, "मो इक्काय." पुन्हा एकदा.

"कशाला?" मेधाताई म्हणाल्या. "त्यांचा वेळ घेतोय आपण."

पण कोंदो-सानांनी लावलं. ह्या वेळी मी त्या बाईकडं लक्षच दिलं नाही. मागचं ऐकलं. मागं कुकरची शिट्टी होती. आमचा कुकर. पोरगी काहीतरी गुणगुणत होती. शेवटाकडं ती बाई काहीतरी विचारून थांबली. आणि लांबून, बाथरूमकडनं, माझ्या नवऱ्याचा आवाज आला, बारीक पण साफ: "अगं, गूळ हाय का?"

आणि मी. "हाय."

तोच. तोच त्यांचा होकार.

मी मेधाताईंकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मराठी माणूस, कसं ऐकू येणार नाही? त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हणलं, "सांगा त्यांना. तो हाय जपानी नाही. तो गुळाचा हाय."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "असं काय सांगू मी? गूळ, कुकर… काय म्हणतील आपल्या लोकांना? भाषा येत नाही, फोन घेतात आणि मग भांडायला येतात."

मग कळलं. कमिशन नव्हतंच. असतं तर बरं झालं असतं, नुसती लबाडी म्हणून सोडून दिलं असतं. त्यांना लाज वाटत होती. माझी. माझ्या कुकराची, माझ्या हायची. माझे पैसे बुडाले तरी चालतील, पण तो गूळ कोंदो-सानांच्या टेबलावर यायला नको.

मी त्यांच्याकडनं मान वळवली. कोंदो-सानांना म्हणलं, "कोरे, निहोंगो जा नाय." हे जपानी नाही. स्पीकरकडं बोट केलं. "शुजिन." नवरा. "सातो?" साखर आहे का? गुळाला जपानीत काय म्हणतात मला आजही माहीत नाही. मग छातीवर हात ठेवून, "आरु." आहे.

कोंदो-सानांनी तेवढाच तुकडा परत लावला. परत लावला. नवऱ्याचा आवाज आल्यावर त्यांनी मान वर केली. उठून आत गेले.

आले ते एक छापील कागद घेऊन. मेधाताईंनी वाचला आणि मोकळा श्वास सोडला. "देतायत! सगळे परत देतायत. सही करा पटकन."

मी पेन उचलला. वाकून आभार मानायला पाठ निम्मी खाली गेली पण होती. पण कागदात वरच्या ओळीतला एक शब्द ठळक होता. मी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"काही नाही हो. फॉर्मॅलिटी."

मी तेच बोट कोंदो-सानांपुढं केलं. ते म्हणाले, "गोकाई."

तो शब्द मला माहीत होता. कारखान्यात मुकादमीण चुकीच्या बाईला झापायची, आणि खरी चूक दुसरीची निघाली की झापलेलीलाच म्हणायची, गोकाई. तुझा गैरसमज झाला.

म्हणजे पैसे परत, पण माझ्या गैरसमजामुळं. त्यांनी विकलं नाही, मी चुकीचं समजले. तेच लिहून त्याखाली माझं नाव.

मी पेन ठेवला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मेधाताई म्हणाल्या. "मी सुट्टी काढून आले. मी शब्द टाकला म्हणून एवढं तरी झालं. माणसाला थोडी जाण असावी."

"जाण हाय, ताई," मी म्हणलं. "लसीची हाय, कचऱ्याची हाय. ह्याची न्हाय."

परत येताना ट्रेनमध्ये त्या दुसऱ्या डब्यात बसल्या.

घरी नवरा म्हणाला, "मिळत होते ते घ्यायचे. तू हाय म्हणलीस न्हवं?"

"तुम्हाला म्हणले. गूळ हाय का विचारलंत तुम्ही."

तो आधी हसला. मग त्यानं बिल पुढं ओढलं. सायकलचे हप्ते अजून चालू आहेत, आणि ते त्याच्या पगारातून जातात. त्याच्या हातावर तंदूरचे डाग आहेत. मला दिसतात ते. मला भीती वाटते. रोज वाटते. कंपनी पोलिसात जाईल, व्हिसाला काही करतील, ताई बिल्डिंगीत बोलायच्या बंद होतील. त्या झाल्याच.

तरी उद्या मी नगरपालिकेत जाणार आहे. तिथं गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला एक बाई बसते म्हणे, सावकाश बोलते. दुभाषी नेणार नाही. त्या आवाजाची कॉपी मागणार. तो तुकडा तिला ऐकवणार, आणि तिच्यासमोर त्यांना लिहायला लावणार की चुकीचं विकलं. त्यांनी. कागदावर पहिलं नाव त्यांचं येईल, मग माझं.

आता कुणाचाही फोन आला तरी मी हाय म्हणत नाही. समोरचा थांबला तर थांबू दे. गप्प राहते. माझा हाय माझ्या घरातल्या माणसांसाठी हाय. गुळाला, पिठाला, पोरीला.

त्या कागदावर सही?

न्हाय.