नानांच्या बाटलीवरच्या तीन खुणा

विश्रांतीसुद्धा औषधासारखी मापून घ्यायची असते, असं मानणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला. ते म्हणजे आमच्या अमळनेरच्या धर्मादाय दवाखान्यातले कंपाउंडर, नाना. मी त्यांच्या हाताखाली मलमपट्टी करायचो. बाटलीवर डोस दाखवणारी कागदी पट्टी ते अशी कातरायचे की सोनारानं बघत राहावं. ‘आधी हलवा’ हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की सत्यनारायणाचं तीर्थ देणाऱ्या भटजींनाही त्यांनी एकदा ते ऐकवले. प्रत्येक रोग्याला ते “आता कसं वाटतंय?” विचारायचे आणि, नवल म्हणजे, उत्तर पुरतं ऐकूनही घ्यायचे.

रोज साडेचारला मात्र नाना अर्धा तास गायब. काखेत ताकाची बाटली, तिच्यावर तीन खुणांची पट्टी. घड्याळ जवळ नसल्यामुळे ताक संपलं की वेळ संपली, असा हिशेब. ते जातात कुठे, या विचारानं माझं डोकं पोखरलं होतं. कुणी म्हणे कापसाचा सट्टा, कुणी म्हणे धुळ्याला दुसरं बिऱ्हाड. अर्ध्या तासात धुळं गाठून परत कसं येतात, हे कोणी विचारलं नाही.

मग नवे डॉक्टर आले. शिस्तीचे. त्यांनी तो अर्धा तास बंद केला. पाचव्या दिवशी नानांनी एका बाईच्या खोकल्याच्या बाटलीत मालिशचं औषध भरलं. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. अनवाणी धावत जाऊन त्यांनी बाटली परत आणली. ती मोरीत रिकामी केली आणि तशीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“साहेब, चूक माझीच,” ते डॉक्टरांना म्हणाले, “पण पाच दिवस माझा डोस चुकलाय.”

डॉक्टर मनानं चांगले. त्यांनी अर्धा तास परत दिला, आणि उत्सुकता त्यांनाही असल्यामुळे मला मागावर धाडलं.

बोरी नदीच्या काठी एक अक्का शेंगा भाजत बसायची. नाना समोरच्या दगडावर बसले आणि पहिल्या खुणेपर्यंत ताक प्याले. वाळूतल्या शेंगांवरची नजर न काढता अक्कानं विचारलं, “कसा शेस रे भाऊ? बठ्ठं सांग.” दिवसभर शंभर जणांना विचारणारे नाना सगळं सांगू लागले. गुडघा दुखतो. झोप लागत नाही. मागच्या आठवड्यात दगावलेलं पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. एका खुणेला एक दुखणं. अक्का नुसतं ‘हं’ म्हणायची. ताक संपलं तसे नाना उठले आणि हलक्या पावलांनी परतले. नाना वारा खायला जातात, असं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा रोगी आत बोलावला.

निवृत्त होऊन बोदवडला जाताना नानांनी ती बाटली नवी पट्टी लावून माझ्या हाती ठेवली. मला कसलं दुखणं, म्हणून मी हसलो. तरी दुसऱ्या दिवशी, निव्वळ गंमत म्हणून, बाटलीत ताक भरून नदीवर गेलो. अक्कानं वर न बघता तेच विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिन्ही खुणा संपल्या, पण तोंडातून शब्द फुटेना.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाली आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

मी पुन्हा गेलो. या वेळी पहिल्या खुणेलाच बोललो, “अक्का, नानांची फार आठवण येते.”