बैलानं पास केलेला आवाज

"भाऊजी, ह्यांची गाडी आता तुमच्याकडंच राहू द्या…" गौतमच्या बायकोचा, रमावहिनींचा फोन आला, आणि पुढचं मला विचारावंच लागलं नाही. त्याची बुलेट तेव्हा चेन बदलून आणायला माझ्याकडं दिलेली. त्याला जाऊन महिना उलटून गेला. पण रडका लेख माझ्याच्यानं व्हायचा नाही. ज्या माणसानं बुलेटचा सायलेन्सर बैलाकडून पास करून घेतला, त्याच्याबद्दल तोंड पाडून काय लिहायचं?

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ येऊन बसला. गौतम गुरांचा डॉक्टर, मी मास्तर. सुट्टीला औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी त्याच्या मागं बसायचो. औशाकडच्या माळावर गुरांची छावणी होती. वाटेतल्या चढावर बुलेट धापा टाकायची. "सायलेन्सरच्या जाळीत हिचा दम कोंडतोय रे," म्हणत पठ्ठ्यानं मूळ सायलेन्सर काढून नुसती पोकळ नळी बसवली. अरे बापरे, काय तो आवाज! ऐटीत छावणीत शिरलो, आणि गुरं दावी तोडून चौखूर उधळली. एक गाभण गाय खड्ड्यात पडली. वाचली, पण छावणी सांभाळणारे तुळशीरामकाका लालबुंद झाले.

"डागदरसाब, ही तोफ पुन्हा आनायची न्हाई. चालत या, न्हाईतर येऊच नका!"

चालत? रोज कितीतरी छावण्या करायच्या, अडलेली गाय काय वाट बघत बसणार होती? जुना सायलेन्सर बसवावा तर चढावर गाडी मरते. शिवाय आवाज लांबून ऐकू आला की लोक आजारी जनावर पुढं आणून ठेवायचे, तेवढा वेळ वाचायचा. म्हणजे चढावर ओढही पाहिजे, आवाजही पाहिजे, आणि गुरं बुजायला नकोत. पुढच्या रविवारी आम्ही थेट नांदेड गाठलं.

देगलूर नाक्यावरच्या मिस्त्रीकडं सायलेन्सरचा ढीग होता. गौतमनं रस्त्यावरची एक बैलगाडी थांबवली, तिचा एक बैल सोडून बुलेटशेजारी उभा केला आणि म्हणाला, "लाव एकेक." मिस्त्री कपाळावर हात मारून हसला. "साब, गाडी तुमची हाय का बैलाची?" गौतमची नजर मात्र बैलाच्या कानांवर. पहिल्याला बैलानं डोळे पांढरे केले. दुसऱ्याला कासरा ताणला. तिसरा लांबलचक, आत निम्मीच जाळी ठेवलेला. किक मारली… धीरगंभीर, भरदार ठोके! बैलानं कान पुढं केले, घडीभर ऐकलं आणि पुन्हा रवंथ सुरू. "हाव! हाच! आवळ नट!" गौतम नाचायचाच बाकी होता. विष्णुपुरीकडं चक्कर मारली, तर चढावर गाडी लोण्यासारखी!

छावणीच्या तोंडाशी काका आडवेच उभे. गौतमनं गाडी बंद केली नाही. हळूहळू आत नेली. गुरांनी कान वळवले… एकही उठलं नाही. खड्ड्यात पडलेली ती गायसुद्धा बसूनच राहिली. काका म्हणाले, "आता लई बेस वाजून राहिली की!" मी मागून गौतमच्या पाठीत असा धपाटा घातला म्हणता!

तो सायलेन्सर गौतमनं शेवटपर्यंत बदलला नाही. परवा म्हटलं, गाडी त्याच्या घरी एकदा तरी जायला पाहिजे. वहिनी म्हणत होत्या, त्याची गौरी गाय वैरणीला नीट तोंड लावत नाही. गल्लीत वळलो तशी ती गोठ्यात धडपडत उठली, कान पुढं करून फाटकाकडं बघायला लागली. मी गाडी बंद केली, खाली उतरलो, तिच्या मानेवरून हात फिरवला.

ती माझ्या खांद्यावरून गाडीकडंच बघत राहिली. अजून कुणीतरी उतरायचं होतं.