आप्पांच्या तोंडी आलेलं नाव

भूतखेत, अंगात येणं असलं काही मी कधीच मानलं नाही. रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. पुरावा दाखवा, मग बोला, असा आपला स्वभाव. राहायला कारेगावात. हे घडलं तेही सकाळी अकराला, माझ्याच घरात...

माझ्या वडिलांना, आप्पांना, प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांत उतरलेला. सगळे उपाय करून झाले होते. पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नव्या औषधाची चाचणी सुरू होती, माणसांवर पहिल्यांदाच. आधी तीन पेशंटना कमी डोस. त्यांना सोसला तरच पुढच्या तिघांना जास्त. आप्पा पहिल्या तिघांत. काय त्रास होतो ते रोज हॉस्पिटलनं दिलेल्या डायरीत लिहायचं काम माझं. आणि खरं सांगतो, त्यांचं दुखणं कमी झालं. कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले.

नवव्या दिवशी, धरल्याशिवाय न उठणारा हा माणूस पहार घेऊन आतल्या खोलीचं दार फोडायला लागला. आत कुणीच नव्हतं.

"शांते, दार उघड! न्हाईतर जित्ती ठेवत न्हाई!"

धरायला गेलो तर पहार माझ्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दार फोडून ते आत घुसले आणि गादीवर पहार घालत राहिले — कापूस बाहेर येईपर्यंत. मग तिथंच झोपले. उठल्यावर मलाच विचारतात, "दार कुणी फोडलं रं?"

आमच्या अख्ख्या नात्यात शांता नावाची कुणी नाही.

हे लिहिलं तर औषध बंद, आणि औषध बंद म्हणजे आप्पा गेले. मी लिहिलं — त्रास नाही.

दीड महिन्यानं तपासणीला गेलो, तर बाकड्यावर पाटसची एक बाई रडत होती. तिचे वडील दुसऱ्या तिघांत.

"चौथ्याच दिवशी पहारीनं दार फोडलं, दादा... आन् आईला गादीवरच..." तिनं डोळे पुसले. "डॉक्टर म्हनत्यात, आधीच्या तिघांना कायबी झालं न्हवतं. म्हनून तर ह्यांना दिलं."

मी तिच्या आईचं नाव विचारलं. विचारायला नको होतं.

"शांताबाई."

आप्पांनी आमचं दार फोडलं तेव्हा तिच्या वडिलांना एक गोळीही दिलेली नव्हती!

मी तसाच आत गेलो, डॉक्टरांना सगळं सांगितलं. औषध थांबलं. पाच आठवड्यांत आप्पा गेले. त्यांनी उभ्या जन्मात पाटस पाहिलं नव्हतं. ते नाव त्यांना कुठून कळलं, ते मी अजून शोधतोय... पण शांताबाईंचा जीव जाण्याआधी मला सांगितलं गेलं होतं, आणि मी ते दडपलं.